आजी काय म्हणते?

नागपूर, ३ डिसेंबर २०२३

आबाजी आणि आजी,
दोघांना जय भीम.

दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलात परत आले. या वर्षी बारावीवाल्यांना मोबाईल बंद म्हणजे बंद. माझा मी कोंढ्याला तुमच्याकडंच ठेवून आले, ते बरं झालं. रविवारी ऑफिसच्या फोनवर पाच मिनिटं मिळतात, ती भंडाऱ्याला आईबाबांशी 'जेवली का, अभ्यास झाला का' यातच संपतात. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आजी फोनमध्ये भांडल्यासारखी ओरडते. म्हणून तुम्हाला चिठ्ठी.

पण चिठ्ठीमागं माझा मतलब आहे. ती खाली हिंदी अक्षरं येतात ती जपानी कार्टून मालिका, 'सातवी घंटी', दिवाळीत आपण तिघांनी खाटेवर बसून तिचे दोन भाग पाहिले होते. उरलेले दहा मोबाईलमध्येच आहेत. मला परीक्षा झाल्यावरच बघायला मिळतील, आणि तोवर जीव जाईल माझा. म्हणून तुम्ही हळूहळू पाहायचे आणि मला लिहायचं, काय चांगलं, काय खराब. गावच्या नाटकात इतकी वर्षं पडद्यामागून प्रॉम्प्टिंग केलंत, तुम्हाला यातलं कळतं. शेवट मात्र सांगायचा नाही! आणि आजी काय म्हणते तेही लिहायचं, कारण तिचं मत तुमच्यापेक्षा वेगळंच असणार.

आजीचा खोकला तसाच टाकून आले, ते मनाला टोचतं. औषध घेते का ती?

तुमची,
प्रतिक्षा


कोंढा, ११ डिसेंबर २०२३

प्रतिक्षा बेटा,
जय भीम.

तुझी चिठ्ठी भेटली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी पोरगा. भूत मानत नाही, भानामती मानत नाही, आन माझी नात मले भुताचा खेळ पाहाले लावून राहिली! पाहिलो बाप्पा. तिसरा भाग पाहिलो, मंग राहवलं नाही तं चौथाही पाहिलो.

चांगलं आधी सांगतो. पहाडातली शाळा, सहा तास झाले का पोट्टे घरी जातेत. आन सातवी घंटी फक्त त्यालेच ऐकू येते ज्याचं कोणी मेलं हाये. ऐकू आली का शेवटच्या वर्गात जाचं, तिथं मेलेलं माणूस बाकावर बसून राहते. घंटी वाजते तोवर बोला, मंग खलास. बांधणी पक्की हाये. ते रिंको पोरगी माय मेल्यावर एकटी डबा खाते, तिथं एक शब्द नाही, नुसता चावण्याचा आवाज. आपल्या नाटकवाल्याइनं तिथं दोन गाणे टाकले असते.

आता खराब. डोळे बशीएवढे. एकाही पोट्ट्याच्या घरी ढोर नाही, धान नाही, काम नाही. तो पांढऱ्या केसाचा मॉनिटर मारामारी मधातच थांबवून भाषण देते, आन समोरचा उभा राहून ऐकून घेते! आमच्या नाटकात असं झालं असतं तं खुर्च्या आल्या असत्या मंचावर. पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते माय. पयल्या भागात जित्ती होती तवा कशी तडकणारी बाई होती! मेल्यावर वर्गात येऊन बसली तं नुसती साखर. 'तुझं बरोबर आहे बेटा, तुझं बरोबर आहे.' लिहिणाऱ्याले पात्राचा स्वभाव सांभाळता आला नाही.

तुझी आजी म्हणते, 'तुमचं चुकलं.' हे तं तिचं लग्नापासूनचं हाये, त्यात नवल नाही. म्हणते, 'ते माय बोलतच नाही. ते रिंकूच बोलून राहिली मायच्या तोंडातून.' मी म्हटलो, असं कुठं दाखवलं? म्हणते, 'दाखवाले कायले पाहिजे? कोणती माय लेकीले इतक्या खेपा बरोबर म्हणते?' तिथून जे भांडण लागलं ते माझ्या चहावर येऊन थांबलं. चहा भेटला नाही.

खोकला हाये. मी पुढ्यात उभा राहतो तवा औषध घेते. तुझ्यासाठी कोहळं आणून ठेवलं, थंडी पडली का वड्या घालतो म्हणते. तू अभ्यासात लक्ष दे.

तुझा आबाजी,
मंगरू


नागपूर, १९ डिसेंबर २०२३

आबाजी,

गुंजन, माझ्या खोलीतली मैत्रीण, तुमची चिठ्ठी वाचून एवढी हसली की वॉर्डन बाई वर आल्या. आता पोस्ट आलं की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरी एकच विचारतात, 'आजी काय म्हणते?' गुंजननं ही मालिका पूर्ण पाहिलेली आहे. ती नुसती गालात हसते, मी तिला काही सांगू देत नाही.

मी आजीच्या बाजूनं आहे हं. चहा मिळायला लागला का?

जानेवारीत सराव परीक्षा आहे. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसते. दहावीत झालं तसं यंदा व्हायला नको, एवढंच मनात असतं.

आजी, वड्यांना अंगठ्यानं खड्डा कर, तू करतेस तसा. त्यात तेल साचतं ते मला आवडतं.

प्रतिक्षा


कोंढा, ९ जानेवारी २०२४

संघपाल,

फोनवर तू मले बोलू देत नाही. 'बाबा, रडू नका' म्हणते आन ठेवून देते. मी रडून नाही राहिलो, तुझ्याशी भांडून राहिलो. म्हणून लिहितो.

तुझी माय गेली. जलदान झालं, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आन प्रतिक्षाले अजून खबर नाही. तू आन सूनबाई भावना म्हणता, पेपर होऊ द्या. काहून म्हणता ते मले समजते. दहावीच्या वेळी तिचा मामा गेला तं पोरीनं अन्न सोडलं होतं, गणिताचा पेपर अर्धा कोरा देऊन आली, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. म्हणूनच त्या दिवशी मी मान हलवली. पण तवापासून मले घास गोड लागत नाही.

दवाखान्यात तुझ्या मायचा श्वास चढला, तू औषध आणाले खाली गेला होता, तवा तिनं मले विचारलं, 'प्रतिक्षा आली का?' मी म्हटलो, 'येऊन राहिली.' कोण येऊन राहिली होती रे? कोणी कळवलंच नव्हतं पोरीले. ते खोटं घेऊन तुझी माय, माझी मंगला, गेली. जलदानाच्या दिवशी सगळे उठून दोन शब्द बोलले. मले उठता नाही आलं, ते ह्याच्यामुळं.

आता पोरीची चिठ्ठी येऊन पडली हाये. विचारते, आजी काय म्हणते. सांग, काय लिहू? नाही लिहिलं तं तिले शंका येईन. लिहिलं तं मी मेलेल्या बाईच्या तोंडात शब्द घालतो. पात्र मंचावर हाये आन अडकलं, तं प्रॉम्टरनं आवाज द्याचा असते. पात्रच नाही, तं आवाज कोणाले द्याचा?

तू बाप हाय, तू ठरवलं, मी ऐकतो. पण मनातून मले हे पटलं नाही, एवढं लक्षात ठेव.

बाबा


कोंढा, १३ जानेवारी २०२४

प्रतिक्षा बेटा,
जय भीम.

चिठ्ठीले उशीर झाला. थंडी लय पडली, बोटं वळत नव्हते.

पाचवा, सहावा, सातवा भाग पाहिलो. तेत्सू नावाचा तो दांडगा पोरगा, त्याचा लहान भाऊ मेलेला हाये. त्याले घंटी ऐकू येते पण तो जात नाही. पायरीवर बसून कानात बोटं घालते. नुसती पाठ दाखवली त्याची. हे एक काम त्याइनं पक्कं केलं, मी मानलो.

पण नियम रोज बदलतेत. आधी नुसती घंटी होती. आता म्हणे चाबी पाहिजे, मंग म्हणे मुखवटा पाहिजे. अडचण आली का लिहिणारा खिशातून नवीन नियम काढते. आन सातवा भाग अख्खा जत्रेचा. सगळे नवे कपडे घालून फिरून राहिले, कहाणीची गोठ जिथं होती तिथंच. कायले?

आजी म्हणते, बरोबर हाये तुमचं. जत्रा नाही पाहिजे होती.

तिचा खोकला कमी हाये. तुले अभ्यास कर म्हणते, बाकी कोणती चिंता करू नको म्हणते.

तुझा आबाजी


नागपूर, २४ जानेवारी २०२४

आबाजी,

चिठ्ठी मिळाली. सराव परीक्षेत फिजिक्समध्ये शंभरातले एकोणसत्तर आले. बाबांना रविवारी सांगितलं तर फोनमध्ये नाक ओढल्यासारखा आवाज आला. सर्दी झाली म्हणाले.

जत्रेच्या भागाबद्दल मला तुमचं पटलं नाही. एक दिवस तरी ती मुलं हसतात ना! सारखं रडवलं की रडूच येत नाही. पण आजीलाही नाही आवडला म्हणता, तर असेल.

आजीला एक विचारा. तेत्सूनं वर्गात जायला पाहिजे होतं का? भाऊ आत एकटा वाट बघत असेल आणि हा पायरीवर बसला. हे बरोबर की चूक? तिला नीट विचारून लिहा.

वड्या घातल्या का तिनं?

प्रतिक्षा


कोंढा, ४ फेब्रुवारी २०२४

प्रतिक्षा बेटा,
जय भीम.

वड्या पाठवून राहिलो. आजीनं घातल्या. ऊन कमी होतं म्हणून वाळाले वेळ लागला. संघपाल गेटवर देऊन जाईन, त्याले सुट्टी नाही, थांबणार नाही तो.

दहाव्या भागापर्यंत आलो. आता मले लढाई पाहवत नाही, मी ते बोटानं पुढं ढकलतो. मधात रिंको शेजारणीकडं दही मागाले जाते, शेजारीण विचारते, कशी हाय बेटा? ते 'मजेत' म्हणते. त्या एका शब्दात त्या पोरीचा आवाज जो काढला हाये तो आपल्याकडच्या कोण्या नटीले जमणार नाही. आन एक गोठ त्याइनं लय बरोबर धरली. सातव्या घंटीले जाऊन आलेले पोट्टे घरच्याइच्या डोळ्यात पाहत नाहीत. चोरी करून आल्यासारखे ताटावर बसतेत. भेट तं झाली, मंग तोंड काहून लपवतेत? मी आधी याले दोष म्हणणार होतो. आता नाही म्हणत.

तेत्सूचं विचारलं होतं. आजी म्हणते, त्यानं गेलं नाही तेच बरं केलं. मीही तेच म्हटलो. आमचं दोघाइचं एकच मत पडलं.

पेपर जवळ आले. जेवण सोडू नको. माझ्या चिठ्ठीची वाट पाहत बसू नको आता, मीही लिहीन न लिहीन.

तुझा आबाजी


नागपूर, १२ फेब्रुवारी २०२४

आबाजी,

वड्या मिळाल्या. मेसच्या मावशींनी तळून दिल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. दोन मी कच्च्याच पेटीत ठेवल्या आहेत.

पेपर पुढच्या आठवड्यात सुरू होतात. शेवटचे दोन भाग तुम्हीही आत्ता पाहू नका. परीक्षा झाल्यावर पाहा.

आणि वेळ मिळाला तर एक चिठ्ठी लिहा. मालिकेचं नाही लिहिलं तरी चालेल. आजी काय म्हणते ते थोडं जास्त लिहा. काहीही म्हणत असेल ते.

प्रतिक्षा


नागपूर, २० मार्च २०२४

आबाजी,

पेपर संपले. बरे गेले. फिजिक्सचासुद्धा. तुमची चिठ्ठी आली नाही, रोज ऑफिसात विचारून येत होते.

आता लिहिते. आबाजी, मला माहीत आहे.

जानेवारीतल्या चिठ्ठीत 'आजी म्हणते, बरोबर हाये तुमचं' हे वाचलं, तेव्हाच कळलं. आजी तुमच्याशी कधी सहमत झाली? भाजीत मीठ जास्त आहे म्हणालात तरी ती म्हणायची, तुमची जीभ चुकली. मी जिन्यात बसून ती ओळ किती वेळा वाचली असेल. आधी मनाला सांगितलं, आजारी असेल, म्हणून तुम्ही तिला न विचारताच लिहून टाकलं. मग वड्या आल्या. प्रत्येकीला अंगठ्याचा खड्डा होता. पण एवढा मोठा, की माझी दोन बोटं त्यात मावली. आजीचा अंगठा माझ्याएवढाच होता, आबाजी. तुम्ही एकट्यानं बसून कोहळं किसलं असेल, खड्डे केले असतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी मेसमधून उठून गेले.

तुम्ही मला सांगितलं नाही, असं म्हणायला माझं तोंड नाही. मी तरी कुठं विचारलं? बाबांना रविवारी एक प्रश्न केला असता तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. म्हणूनच केला नाही. उलट तुम्हालाच विचारत राहिले, आजी काय म्हणते, तिला नीट विचारा, थोडं जास्त लिहा. ती नाही हे कळत होतं, तरी तुमच्याकडून तिला बोलवून घेत होते. तुम्हाला खोटं बोलायला मीच लावलं.

पवनीकडची, कोंढ्याला जायची बस आमच्या गेटवरून दिसते. रोज सकाळी दिसायची. मी त्यात बसू शकले असते. मी वर जाऊन गणितं सोडवत बसले, आणि ती बरोबर येत होती. दहावीत माझा पेपर कोरा राहिला, त्याची मला लाज वाटायची. यंदा राहिला नाही, त्याची जास्त वाटते. आजीपेक्षा मला मार्क मोठे झाले का?

अजून एक. पेपर झाल्यावर गुंजनला मी मालिकेचा शेवट विचारला. तुम्ही म्हणाला होता की माय मेल्यावर गोड बोलते ही लिहिणाऱ्याची चूक. ती चूक नव्हती. घंटीला जितक्या वेळा जावं, तितकं आतलं माणूस आपल्या मनासारखं बोलायला लागतं. शेवटी त्याचं स्वतःचं काही उरत नाही. आजीनं ते चौथ्या भागातच ओळखलं होतं.

सीईटीचे वर्ग सुरू होण्याआधी चार दिवस सुट्टी आहे. मी येऊ का? माझा राग आला असेल तर तसं लिहा.

प्रतिक्षा


कोंढा, २५ मार्च २०२४

प्रतिक्षा बेटा,

ये. आपल्या घरी येते तं विचारते काय? ये.

तुझी चिठ्ठी वाचून मी ढोराच्या कोठ्यात जाऊन बसलो. पोस्टमन चिंधू पाणी मागत दारात उभा होता, त्याले पाणीही देलं नाही. मले शरम वाटली. आमी तुले दुःखापासून वाचवाले निघालो होतो. इथं गाव माझ्यापाशी बसून होतं, सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी भाकर आणून देऊन राहिलं होतं. आन तू तिकडं जिन्यात एकटी. तुले माहीत हाये हे समजलं असतं तं मी त्याच बसनं आलो असतो. तू मार्काले मोठं केलं नाही. तुझ्यापाशी आमी दुसरं काही ठेवलंच नाही, तं तू काय करशील?

आता हे माझ्याच तोंडून ऐक. दवाखान्यात आजीनं तुझं विचारलं होतं. 'प्रतिक्षा आली का?' मी म्हटलो, 'येऊन राहिली.' तिनं दरवाज्याकडं मान केली. मंग ते मान तशीच राहिली. तू मले काही म्हटलं तरी चालेल, पण मी खोटं बोललो ते तुले माहीत पाहिजे.

तिचं भांडण लिहून पाहिलं होतं बेटा. 'तुमचं चुकलं' एवढं लिहिलो, आन पुढं काय चुकलं ते सुचेना. ते मले सुचत असतं तं तिच्याशी भांडाची गरजच काय होती? मंग खोडलो, आन 'बरोबर हाये' लिहून टाकलो. ते सोपं होतं.

तू नको म्हटलं म्हणून शेवटचे दोन भाग ठेवले होते. काल पाहिलो. तुले शेवट माहीतच हाये तं लिहितो. घंटी वाजते. रिंको वर्गाच्या दरवाज्यापर्यंत जाते. आतून माय हाक मारते, गोड. रिंको म्हणते, 'माझी माय असती तं एवढ्या उशिरापर्यंत बाहेर राहिली म्हणून रागावली असती.' आन मागं फिरते. घरी येते, थंडा भात वाढून घेते, खाते. तिकडं घंटी वाजत राहते, आन थांबते. संपलं.

मले नाही पटलं. पडदा दरवाज्यावर पाडाले पाहिजे होता. जेवण कायले दाखवाचं? एवढी ताणून आणलेली गोठ, आन शेवटी भात! कच्चा शेवट हाये, मी मोठ्यानं म्हटलो, आन सवयीनं खाटेकडं वळून पाहिलो.

ऐकू काही आलं नाही. भूतबीत नाही, मी मानत नाही, तुले माहीत हाये. या बारीनं मी तिच्या तोंडात काही घातलोही नाही, थांबलो तसाच. चहा थंडा झाला. मंग सुचलं. जे मले दोन महिने सुचलं नाही ते आता सुचलं, कारण ते माझ्या सोयीचं नाही. शेवटाचं म्हटली असती, पोर उपाशी झोपली नाही, याच्यापेक्षा मोठा शेवट कोणता पाहिजे? आन दुसरं, जे मी तिले कधी विचारणार नव्हतो. पोरीले बोलावलं नाही, शेवटचं तोंड पाहू देलं नाही, आन वरून तिच्या नावानं चिठ्ठ्या लिहीत बसलो.

दोन्हीले तिनं एकच म्हटलं असतं, चुलीपुढून, मान वर न करता.

'तुमचं चुकलं.'

तुझा आबाजी,
मंगरू